प्रश्नकर्त्याचे रिक्त पद

संगणकांच्या जाळ्यातून माहिती पाठवण्याच्या तीन प्रमुख रीती शास्त्राने मान्य केल्या आहेत. एकाने एकालाच पाठवणे म्हणजे युनिकास्ट. एकाने सर्वांना, कोणाला हवे आहे की नाही याची विचारपूस न करता पाठवणे म्हणजे ब्रॉडकास्ट. आणि ज्यांनी आपली इच्छा नोंदवली आहे तेवढ्यांनाच, तेही मूळ ठिकाणाहून एकच प्रत सोडून व तिच्या नकला वाटेत जिथे फाटे फुटतात तिथेच काढून पाठवणे म्हणजे मल्टिकास्ट. यांतील तिसरी रीत इतकी शहाणपणाची आहे की तत्त्व म्हणून तिला विरोध करणारा अभ्यासक सापडणे कठीण. तिच्याविषयी व्यवहारात जी काही कटुता आढळते, ती बहुतेक सारी मॅनेज्ड स्विचच्या एका विशिष्ट पानावर, चार-पाच चौकटींत बरोबरच्या खुणा करण्याच्या प्रसंगातून उद्भवलेली असते.

मॅनेज्ड स्विच म्हणजे ज्याला स्वतःचा पत्ता, स्वतःचा पासवर्ड आणि काही प्रमाणात स्वतःची मते असतात असा स्विच. साधा स्विच खोक्यातून काढून तारा खोचल्या की चालू लागतो आणि त्याला कोणीही काहीही सांगू शकत नाही. मॅनेज्ड स्विचला सांगता येते, आणि म्हणूनच चुकीचेही सांगता येते. त्याची गरज का पडते हे समजण्यासाठी शंभर खोल्यांचे एक मध्यम हॉटेल डोळ्यांसमोर आणावे, जिथे टीव्हीच्या वाहिन्या नेटवर्कच्या तारेतूनच खोल्यांत पोहोचवल्या जातात. उत्तम चित्राच्या एका वाहिनीला सेकंदाला सुमारे ८ मेगाबिट लागतात असे धरले, आणि सामन्याच्या रात्री शंभरही पाहुण्यांनी एकच सामना लावला, तर युनिकास्टने त्याच एका षटकाराच्या शंभर प्रती काढाव्या लागून ८०० मेगाबिट खर्ची पडतात. मल्टिकास्टने तेच काम मूळ ठिकाणी ८ मेगाबिटांत होते. शिवाय युनिकास्टमध्ये प्रती एकामागून एक निघत असल्याने षटकार कोणाला आधी दिसला हा प्रश्न तात्त्विक पातळीवर तरी उरतोच. हॉटेलात त्याने काही बिघडत नाही. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात मात्र बिघडू शकत असे, कारण तिथे भावांची माहिती एके काळी टीसीपी पद्धतीने, म्हणजे एकेका जोडणीला क्रमाने दिली जात असे, आणि रांगेत पुढे असण्याचा लाभ किती व कोणाला, याची चर्चा सेबीच्या एप्रिल २०१९ च्या आदेशात पानेच्या पाने चालली आहे. पुढे तिथे मल्टिकास्ट आले. सामान्यतः नेटवर्कच्या पॅकेटांविषयी वकिलांना मत नसते. हा त्याचा सन्माननीय अपवाद म्हणावा लागेल.

हॉटेलाकडे परत येताना स्विचच्या शिक्षणपद्धतीचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. स्विच कोणालाही काही विचारत नाही. कुठल्या पोर्टमधून, म्हणजे तार खोचण्याच्या कुठल्या खाचेतून, कोणत्या पाठवणाऱ्याचा पत्ता आत आला एवढे तो पाहतो आणि पुढे त्या पत्त्याचे पॅकेट त्याच पोर्टवर धाडतो. या पद्धतीत मल्टिकास्टचा पत्ता त्याला जन्मात शिकता येत नाही, कारण तो पत्ता समूहाचा असतो, आणि समूह कधीही पाठवणारा म्हणून समोर येत नाही. जे माहीत नाही ते सगळीकडे सोडून द्यावे, ही स्विचची मूळ वृत्ती. परिणामी, वाहिन्यांचे केंद्र साठ वाहिन्या सोडत असेल तर ४८० मेगाबिटांचा पूर प्रत्येक पोर्टवर येतो, आणि त्यांत स्वयंपाकघराच्या दाराशी लावलेले, १०० मेगाबिटांच्या पोर्टवर समाधानाने जगणारे, बोटाचा ठसा घेणारे हजेरीचे यंत्रही येते. त्याने एकही वाहिनी मागितलेली नसते. तरीही साठच्या साठ वाहिन्या त्याच्या तारेत शिरू पाहतात, तार भरून वाहू लागते, आणि आचारी वेळेवर आला होता ही वार्ता कार्यालयापर्यंत पोहोचू शकत नाही. महिन्याअखेर पगार कापला जातो तेव्हा त्याचे कारण मल्टिकास्ट आहे असे कोणाच्या मनातही येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे स्विचने कोणाला काय हवे आहे ते जाणून घेणे. ते जाणून घेण्याची भाषा आधीच अस्तित्वात होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीव्ह डिअरिंग यांनी ऑगस्ट १९८९ मध्ये आरएफसी १११२ या दस्तऐवजात आयजीएमपी नावाची एक छोटी संभाषणपद्धती मांडली, जिच्यात राउटर विचारतो की कोणी कोणत्या समूहाचे सदस्य आहे काय, आणि यंत्रे आपापले समूह सांगतात. १९९७ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, जिच्यात सदस्याला रीतसर निरोप घेण्याची सोय झाली, आणि २००२ मध्ये तिसरी. हे संभाषण राउटर आणि यंत्र या दोघांतले आहे. मध्ये बसलेल्या स्विचला त्यात कोणीही बोलावलेले नाही. तेव्हा स्विचने ते चोरून ऐकावे आणि ऐकलेल्यावरून आपली वही भरावी, अशी तोड काढण्यात आली आणि तिला आयजीएमपी स्नूपिंग असे नाव पडले. हे चोरून ऐकणे कसे असावे याविषयीचा मार्गदर्शक दस्तऐवज, आरएफसी ४५४१, मे २००६ मध्ये निघाला, आणि तोही मानक म्हणून नव्हे तर माहितीसाठी म्हणून. तोपर्यंत निरनिराळ्या उत्पादकांनी आपापल्या मगदुराप्रमाणे ऐकायला सुरुवात करून बरीच वर्षे झाली होती, हे स्विचच्या पडद्यावरील पाने पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

त्या पानांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे योग्य ठरेल. काही स्विचांत मल्टिकास्ट गाळण्याची एक मुख्य कळ असते, जी बंद असेल तर खालच्या कोणत्याही खुणेला अर्थ नसतो, परंतु खुणा मात्र करू दिल्या जातात. त्यानंतर स्नूपिंगची सर्वसाधारण कळ येते, आणि त्यानंतर प्रत्येक व्हीलॅनसाठी, म्हणजे एकाच स्विचमध्ये कल्पनेने पाडलेल्या प्रत्येक वेगळ्या जाळ्यासाठी, स्वतंत्र कळ. सर्वसाधारण कळ दाबणारा आणि व्हीलॅनची कळ विसरणारा तंत्रज्ञ हा या क्षेत्रातील सर्वांत मोठा वर्ग असावा. काही उत्पादकांनी या कळा एकाच पानावर ठेवल्या आहेत, काहींनी तीन पानांवर, आणि काहींनी त्यांतील एक ‘प्रगत’ या सदराखाली ठेवली आहे, जिथे ती सापडेपर्यंत शोधणाराही प्रगत होतो. सर्व खुणा झाल्यावर ‘लागू करा’ असे बटण असते आणि कोपऱ्यात, वेगळ्या रंगात, ‘जतन करा’ असे दुसरे. या दोन्हींत फरक आहे हे वीज गेल्यावर कळते.

तथापि या सर्व खुणा अचूक केल्या तरी व्यवस्था चालेल असे नाही, आणि या विषयाचा खरा गाभा इथेच आहे. चोरून ऐकणाऱ्याची संपूर्ण भिस्त दुसऱ्यांच्या बोलण्यावर असते; बोलणेच झाले नाही तर त्याचे ज्ञान शिळे होते. आयजीएमपीचे संभाषण सुरू करण्याची जबाबदारी प्रश्नकर्त्याची, म्हणजे तांत्रिक भाषेत क्वेरिअरची असते. तो दर १२५ सेकंदांनी २२४.०.०.१ या सर्वांच्या सामाईक पत्त्यावर प्रश्न टाकतो, आणि ज्याला काही हवे आहे ते यंत्र १० सेकंदांच्या आत, स्वतः निवडलेल्या क्षणी, उत्तर देते. उत्तर ऐकले की स्विच त्या पोर्टची नोंद ताजी करतो. दोन प्रश्नांइतका काळ आणि वर उत्तराची सवलत, म्हणजे १२५ अधिक १२५ अधिक १०, असे २६० सेकंद उलटूनही उत्तर कानी आले नाही, तर तो नोंद खोडतो आणि प्रवाह तोडतो. हिशेब चोख आहे. उणीव एवढीच की छोट्या हॉटेलात, कार्यालयात किंवा सभागृहात मल्टिकास्ट जाणणारा राउटर बहुधा नसतोच. असते ते इंटरनेट आणून देणारे एक खोके, ज्याला या विषयाची गंधवार्ता नसते. ऐकणारे सज्ज असतात, उत्तर देणारे सज्ज असतात, आणि प्रश्न विचारण्याच्या पदावर कोणाचीही नेमणूक झालेली नसते.

हे रिक्त पद ज्या रीतीने उघडकीस येते, तिची योजना एखाद्या कुशल नाटककाराने केली असती तरी तिच्यात सुधारणा करता आली नसती. टीव्ही चालू केला की तो कोणी विचारण्याची वाट न पाहता स्वतः होऊन आपली इच्छा जाहीर करतो. स्विच नोंद करतो, चित्र झळकते, हजेरीच्या यंत्राची तार मोकळी होते. काम करणारा तंत्रज्ञ समाधानाने मान डोलावतो, व्यवस्थापक काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करतो, शिक्का शोधण्यात एक मिनिट जाते, तंत्रज्ञ आपली पिशवी उचलतो आणि लिफ्टपर्यंत पोहोचतो. इतक्यात चार मिनिटे वीस सेकंद पूर्ण होतात. खोल्याखोल्यांतील चित्रे आपापल्या क्षणी थिजतात, आणि तोवर तंत्रज्ञाची दुचाकी कोपऱ्यावरून वळलेली असते.

या दोषाचे वैशिष्ट्य असे की तो सर्वांना सारखा दिसत नाही. वाहिनी बदलली की टीव्ही नव्या समूहासाठी पुन्हा आपण होऊन इच्छा जाहीर करतो आणि त्याला आणखी २६० सेकंदांचे आयुष्य मिळते. त्यामुळे ज्या पाहुण्याच्या हातातील रिमोट कधीच स्वस्थ नसतो, त्याच्या दृष्टीने हॉटेलची व्यवस्था निर्दोष असते. तक्रार येते ती एकच कार्यक्रम एकाग्रतेने पाहणाऱ्याकडून. स्वागतकक्षातील कर्मचारी त्याला वाहिनी बदलून पुन्हा तिथेच येण्याचा सल्ला देतो, तो सल्ला लागू पडतो, आणि लागू पडल्यामुळेच मूळ दुखणे आणखी काही महिने सुखाने नांदते. एकाग्रता हा दुर्गुण ठरावा अशी ही बहुधा एकमेव दळणवळण व्यवस्था असेल.

पद भरण्याचा मार्ग म्हणजे स्विचलाच प्रश्नकर्ता नेमणे. बहुतेक मॅनेज्ड स्विचांत तशी सोय असते, आणि ती आणखी एका चौकटीत लपलेली असते. मात्र नेमणुकीसाठी स्विचला त्या व्हीलॅनमध्ये स्वतःचा आयपी पत्ता असावा लागतो. तो नसेल तर काही स्विच ०.०.०.० या पत्त्यावरून प्रश्न विचारतात, आणि पत्ताच नसलेल्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही असा काही यंत्रांचा बाणा असतो. नेमलेल्या प्रश्नकर्त्याचे चरित्र अभ्यासण्यासारखे आहे. त्याला स्वतःला कोणतीही वाहिनी नको असते. आलेल्या उत्तरांचे तो स्वतः फारसे काही करत नाही. त्याने केवळ विचारत राहावे एवढीच अपेक्षा असते, आणि त्याच्या विचारण्यामुळे इतरांना आपल्याला काय हवे आहे ते मोठ्याने म्हणण्याचे निमित्त मिळते. उत्तरांत रस नसताना ठरावीक अंतराने प्रश्न विचारत राहण्याचे काम यंत्रांकडे सोपवले जाण्यापूर्वी समाजात ते कोणाकडे होते, याचा शोध अन्य शास्त्रांनी घ्यावा.

एकाऐवजी दोघांची नेमणूक झाली तरी गोंधळ होत नाही, कारण आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून यासाठी निवडणूक ठेवलेली आहे. तिचा नियम असा की ज्याचा आयपी पत्ता अंकांनी सर्वांत लहान, तो निवडून येतो. पात्रता, अनुभव, बांधणी, किंमत यांपैकी काहीही विचारात घेतले जात नाही. त्यामुळे तळघरातील मुख्य, महागडा, दोन वीजपुरवठ्यांचा स्विच बाजूला राहून, जिन्याखाली कोणे एके काळी चाचणीसाठी लावलेला आणि नंतर सर्वांच्या विस्मरणात गेलेला जुना स्विच, केवळ त्याच्या पत्त्याच्या शेवटी २ हा आकडा असल्यामुळे, सबंध इमारतीचा प्रश्नकर्ता होऊन बसतो. झाडलोट करणाऱ्याने त्याचा प्लग काढून तिथे आपले यंत्र लावले की पराभूत उमेदवार २५५ सेकंद सभ्यपणे वाट पाहतो आणि मग सूत्रे हाती घेतो. नोंदी २६० सेकंदांनी मरतात. या दोन आकड्यांमधील पाच सेकंदांवर इमारतीतील मनोरंजन टांगलेले असते, आणि ज्या टीव्हीचे उत्तर तेवढ्यात पोहोचत नाही तिथे चित्र क्षणभर अडखळते.

उत्तर देणाऱ्यांच्या स्वभावाचाही विचार प्रमाणलेखकांनी केलेला दिसतो. पहिल्या दोन आवृत्त्यांत असा नियम होता की दुसऱ्या कोणी त्याच समूहाची मागणी केलेली ऐकू आली, तर आपण गप्प बसावे. राउटरला एका सदस्याचा पत्ता लागला तरी पुरते, सगळ्यांनी ओरडण्याचे कारण नाही. राउटरच्या दृष्टीने हे ठीकच होते. परंतु स्विचला कोणत्या पोर्टवर कोण आहे हे हवे असते, आणि शेजाऱ्याने मागितले म्हणून गप्प राहिलेला सदस्य त्याच्या वहीतून गळतो. म्हणून स्विच प्रत्येकाचे उत्तर केवळ राउटरच्या दिशेने नेतो आणि इतरांच्या कानांवर पडू देत नाही, जेणेकरून प्रत्येक टीव्हीला आपण एकटेच उत्तर देत आहोत असे वाटत राहावे. तिसऱ्या आवृत्तीने हे मौन रद्द केले आणि सर्वांना बोलायला लावले.

पत्त्यांच्या प्रांतातील अडचण मात्र अधिक जुनी आणि अधिक मनोरंजक आहे. मल्टिकास्टचे आयपी पत्ते २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंत असतात, म्हणजे त्यांत वेगळेपण दाखवणारे २८ बिट असतात. परंतु स्विच ज्या खालच्या पातळीवर पाहतो तिथल्या मॅक पत्त्यात ०१-००-५ई या सुरुवातीनंतर केवळ २३ बिटांना जागा दिलेली आहे. याचे कारण म्हणून एक आख्यायिका सांगितली जाते ती अशी, की डिअरिंग यांना पत्त्यांचे सोळा गट हवे होते, एकेका गटाची किंमत हजार डॉलर होती, आणि इंटरनेटच्या पत्त्यांचा कारभार पाहणारे जॉन पोस्टेल यांनी एकच गट घेऊन त्याचा निम्मा भाग त्यांना दिला. कथेतील तपशील काहीही असो, वाचलेल्या पैशांची फेड जग आजतागायत करत आहे, कारण पाच बिट कमी पडल्याने ३२ निरनिराळे समूह एकाच मॅक पत्त्यावर येतात, चाळीतील बत्तीस बिऱ्हाडांना मिळून एकच घंटा असावी तसे. केवळ मॅक पत्ता पाहून गाळणाऱ्या स्विचवर यांतील एकाने मागितलेले एकतिसांनाही मिळू शकते. त्यातही २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे पत्ते नेटवर्कच्या अंतर्गत कारभारासाठी राखलेले असून ते न गाळता सगळीकडे जाऊ द्यावेत असा दंडक आहे. आता खासगी वापरासाठी २३९ ने सुरू होणारे पत्ते घ्यावेत हे वाचलेला तंत्रज्ञ, लक्षात राहायला सोपा म्हणून, पहिल्या वाहिनीला २३९.०.०.१ हा पत्ता देतो. तो मॅक पातळीवर थेट २२४.०.०.१ च्या जागी जाऊन बसतो, आणि बऱ्याच स्विचांवर ती एक वाहिनी, सारे गाळणे यथासांग चालू असताना, हजेरीच्या यंत्रापर्यंत बिनदिक्कत पोहोचते. २३९.१०.२०.१ असा काहीसा कुरूप पत्ता निवडणारा सुखी होतो.

उत्साही माणसाच्या हाती लागू नये अशी एक कळ या पानावर असते, तिचे नाव नोंद नसलेल्या मल्टिकास्टचे काय करावे, आणि तिचे पर्याय दोन: सगळीकडे सोडा किंवा टाकून द्या. टाकून देण्यात शिस्त दिसते. परंतु आयपीव्ही६ मध्ये शेजारच्या यंत्राचा मॅक पत्ता विचारण्याची साधी क्रियासुद्धा मल्टिकास्टनेच होते, आणि तिथे स्नूपिंगची वेगळी पद्धत, एमएलडी स्नूपिंग, लागते. ती न लावता टाकून देण्याची शिस्त लावली तर आयपीव्ही६ वरील यंत्रे एकमेकांना ओळखेनाशी होतात. या पॅकेटांचे मॅक पत्ते ३३-३३ ने सुरू होतात, आणि त्याचे मूळ असे की झेरॉक्स पार्क या संशोधनसंस्थेचा पालो आल्टोतील टपालाचा पत्ता ३३३३, कायोटी हिल रोड असा होता. मानवजातीच्या एवढ्या मोठ्या व्यवहारात कोणाच्या तरी घरक्रमांकाची अशी कायमची सोय लागलेली पाहून नगररचनाकारांना हेवा वाटावा.

‘तत्काळ निरोप’ या कळेविषयी थोडक्यात सांगायचे तर, टीव्हीने वाहिनी सोडल्याबरोबर, पोर्टवर आणखी कोणी पाहत आहे काय हे न विचारता प्रवाह तोडण्याची ती परवानगी असते. एका पोर्टवर एकच टीव्ही असेल तर वाहिन्या झटपट बदलतात. त्याच पोर्टवर पुढे दुसरा छोटा स्विच आणि त्याला तीच वाहिनी पाहणारे चार टीव्ही लावलेले असतील, तर एका खोलीतील पाहुणा झोपायला गेला की उरलेल्या तिघांनाही झोपावे लागते.

या सगळ्यास कंटाळून स्नूपिंगच बंद करण्याचा उपचार दूरध्वनीवरील मदतकेंद्रांतून वारंवार सुचवला जातो, आणि तो गुणकारी असतो यात शंका नाही. चित्र कधीच थिजत नाही, फक्त आचारी पुन्हा गैरहजर लागू लागतो. जाणते तंत्रज्ञ त्या वाटेला न जाता प्रश्नकर्ता कोण आहे हे स्विचलाच विचारून पाहतात, त्या जागी कोऱ्या रेघेऐवजी खरा पत्ता दिसला की एकच वाहिनी लावतात, रिमोट कोणाच्याही हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवतात आणि पाच मिनिटे जागचे हलत नाहीत. ही पाच मिनिटे काढणे सोपे नसते, कारण चित्र उत्तम दिसत असताना माणूस टीव्हीसमोर बसून काय करतो आहे, असा प्रश्न व्यवस्थापकाला पडतो आणि तो पुन्हापुन्हा येऊन विचारतो. या प्रतीक्षेसाठी दरपत्रकात ओळ नसल्यामुळे बिलात ती ‘किरकोळ साहित्य’ या सदराखाली दाखवण्याचा प्रघात पडला आहे.